‘वाजवी’ कोणी ठरवायचे?

नागपुरातील एका तरुणाच्या धाकट्या भावाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारीची नोटीस मिळाली आहे. आदेश निघालाच तर मूलभूत हक्काच्या आधारे उच्च न्यायालयात जाता येईल, असे वकिलांनी घरच्यांना सांगितले. त्यावर या तरुणाने संविधान उघडून अनुच्छेद १९ वाचला. भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. पण थोडे खाली, त्याच हक्कावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा शासनालाही दिलेली आहे. त्याने विचारले आहे ते असे: एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोय संविधानातच असेल, तर न्यायालय असा आदेश रद्द करते ते कशाच्या बळावर? वाजवी म्हणजे किती, हे कोठेच लिहिलेले नाही. मग ते शेवटी न्यायाधीशाच्या मर्जीवरच ठरते का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे फौजदारी रिट याचिका, म्हणजे शासनाच्या आदेशांना आव्हान देणारे अर्ज, चालविण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत आणि हाच प्रश्न मला अशिलांनी, त्यांच्या नातेवाइकांनी आणि क्वचित चिडलेल्या सरकारी वकिलांनीही विचारलेला आहे. ते मर्जीवर ठरत नाही, पण तराजूत घालून वजन करावे तसेही ठरत नाही. या दोहोंच्या मधली जी रीत न्यायालयांनी गेल्या सात दशकांत घडवली, ती समजून घ्यायला दिल्लीपर्यंत जावे लागत नाही, कारण तिचे काही महत्त्वाचे धडे आपल्याच मुलखातून गेलेले आहेत.

पहिला धडा विडीचा आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये विडी बनविण्याच्या धंद्याचे नियमन करणारा एक कायदा केला. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणजे कायदा आपल्याच गावात झाला. हेतू साधा होता. पेरणी-कापणीच्या दिवसांत मजूर विड्या वळायला बसतात आणि शेताला माणूस मिळत नाही, म्हणून शेतीच्या हंगामापुरता ठरावीक गावांत विडीचा धंदा बंद ठेवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरला देण्यात आला. सागर जिल्ह्यात तसा आदेश निघाला, तेव्हा विडीचा एक कारखानदार आणि एक कामगार असे दोघे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. संविधान अमलात येऊन वर्षही झाले नव्हते. ‘चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या नावाने हा निकाल नोव्हेंबर १९५० मध्ये लागला आणि वाजवी निर्बंध म्हणजे काय, याची चर्चा आजही तेथूनच सुरू होते.

न्यायालयाने हेतूला नावे ठेवली नाहीत. शेतीला मजूर मिळावेत ही इच्छा रास्तच आहे, असे धरून पुढचा प्रश्न विचारला: त्यासाठी एवढे करायला हवे होते का? आदेशाने त्या गावांतल्या प्रत्येकाचेच हात बांधले होते. ज्या म्हातारीला वाकून रोप लावता येत नाही, जो अपंग माणूस बसून फक्त विडीच वळू शकतो, ज्याला शेतात कोणी कामाला बोलावणारच नाही, त्या सगळ्यांची रोजी या बंदीने गेली आणि त्यातून शेताला एकही जादा मजूर मिळाला नाही. न्या. महाजन यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा की, ‘वाजवी’ या शब्दात विचारपूर्वक, काळजीपूर्वक केलेली निवड अभिप्रेत आहे. हेतूला लागते त्याहून अधिक कापणारा किंवा मनमानी निर्बंध वाजवी ठरत नाही, आणि कायद्याची भाषाच इतकी सैल असेल की योग्य आणि अयोग्य अशी दोन्ही बंधने तिच्यात मावतात, तर तो कायदा टिकत नाही.

हे मी लांबवून सांगतो आहे, कारण तडीपारीच्या प्रत्येक प्रकरणात आम्ही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत विचारत असतो. भंडारा-गोंदियाकडच्या विडी कामगारांना या निकालाचे नाव ठाऊक नसेल. पण एखाद्याला दोन जिल्ह्यांबाहेर काढले, तेव्हा एकाच जिल्ह्याने भागले नसते का, असे न्यायालय विचारते त्याचे मूळ त्या निकालात आहे.

आता मर्जीचा मुद्दा. १९५२ मध्ये ‘मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव’ या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी हा मुद्दा टाळला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी कायम आदर वाटत आला आहे. वाजवीपणाचे एकच एक सर्वसाधारण माप नसते. कोणता हक्क बाधित झाला, निर्बंधामागचा हेतू काय, जे दूर करायचे ते संकट किती मोठे आणि किती निकडीचे, उपाय त्या मानाने जास्त तर नाही ना, त्या वेळची परिस्थिती काय, हे सगळे पाहावे लागते, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांनी मोकळेपणाने हेही मान्य केले की, हे ठरवताना न्यायाधीशाची स्वतःची सामाजिक धारणा आणि मूल्यांची उतरंड आत येणारच. फक्त, संविधान आपल्यासारखा विचार करणाऱ्यांपुरते नसून सर्वांसाठी आहे आणि लोकांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी तो निर्बंध आवश्यक मानला होता, या दोन गोष्टींचे भान त्याला आवर घालील. म्हणजे न्यायाधीश माणूस आहे हे लपवलेले नाही. त्याला कारणे लिहावी लागतात, ती कारणे वरच्या न्यायालयात तपासली जातात, आणि उद्या दुसऱ्या प्रकरणात तीच त्याच्यावरही बंधनकारक होतात. मर्जीला हा जाच नसतो.

सामान्य वाचकाच्या ध्यानात सहसा न येणारी गोष्ट वेगळीच आहे. हक्काच्या खटल्यात बहुतेक वेळा हक्काचा अर्थ लावण्याआधी अधिकाराचा अर्थ लावला जातो. ‘तुझा हक्क कोठे लिहिला आहे ते दाखव’ असे नागरिकाला विचारायचे, की ‘तुझा अधिकार कोठे लिहिला आहे ते दाखव’ असे शासनाला, यावर निम्मा निकाल अवलंबून असतो. याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मुंबईच्या तुरुंगातले आहे. १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेल्या, म्हणजे खटला न चालवता कोठडीत ठेवलेल्या, प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी कोठडीत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि ते छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. पुस्तक निव्वळ विज्ञानाचे होते, तरी शासनाने नकार दिला. शासनाचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला कोणत्या सवलती आहेत ते नियमांत मोजून दिले आहे आणि त्यात पुस्तक छापण्याची सवलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही आणि शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळले. न्या. सुब्बा राव यांनी प्रश्नाचे तोंडच फिरवले: नियमांत दिल्या आहेत त्या सवलती नव्हेत, ती बंधने आहेत, जे बंधन नियमांनी घातलेले नाही, ते तुरुंगाधिकाऱ्याला आपल्या मनाने घालता येत नाही. ‘सवलत’ आणि ‘बंधन’ या दोन शब्दांतला हा फरक ज्याला कळला, त्याला मूलभूत हक्कांचे निम्मे शास्त्र कळले असे मी माझ्या ज्युनिअरांना सांगत असतो.

दुसरे उदाहरण तर नागपूरचेच आहे आणि प्रश्नकर्त्याने ते विशेष लक्षात ठेवावे. १९६१ मध्ये येथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या गृहस्थांना प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले. स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत होती. टंकलिखित चौदा पाने, त्यांत तेरा वर्षांतल्या हालचालींचा पाढा. मला इंग्रजी येत नाही, हिंदी भाषांतर द्या, असे त्यांनी मागितले. कागद देताना ते तोंडी समजावून सांगितले होते आणि राजभाषा इंग्रजी आहे, असे कारण देऊन भाषांतर नाकारण्यात आले. अनुच्छेद २२(५) मध्ये एवढेच लिहिले आहे की, स्थानबद्धाला कारणे कळवावीत आणि निवेदन करण्याची लवकरात लवकर संधी द्यावी. ‘त्याला कळणाऱ्या भाषेत’ हे शब्द त्यात नाहीत. अक्षरशः वाचले तर कारणे ‘कळवली’ होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये म्हटले की, कारणे कळवायची ती निवेदन करता यावे म्हणून. जो माणूस ती वाचूच शकत नाही, त्याने निवेदन कशावर करायचे? एवढा लांबलचक मजकूर एकदा तोंडी ऐकवला म्हणजे तो कळवला, असे होत नाही. स्थानबद्धता रद्द झाली. यालाच मी संविधानाचा अर्थ लावणे म्हणतो. न्यायालयाने बाहेरून नवा हक्क आणलेला नाही. वाक्याचा पहिला भाग दुसऱ्या भागाच्या उजेडात वाचला, इतकेच.

वाक्याचे भाग एकत्र वाचायचे, तसेच अनुच्छेदही. हे मान्य व्हायला मात्र बराच काळ गेला. १९५० च्या गोपालन खटल्यात बहुमताने असे धरले की, अनुच्छेद १९, २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण) आणि २२ हे आपापल्या जागी स्वतंत्र आहेत. स्वातंत्र्य हिरावताना कायदेमंडळाने घालून दिलेली कार्यपद्धती पाळली की अनुच्छेद २१ चे समाधान झाले, ती कार्यपद्धती न्याय्य आहे का हे पाहण्याचे कारण नाही. न्या. फजल अली यांनी वेगळे मत लिहिले होते. १९७८ मध्ये मेनका गांधी यांचे पारपत्र कारणे न सांगता जप्त झाल्याच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने भिंती पाडल्या. कार्यपद्धती नुसती लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. आणि एखादे कृत्य एका हक्काच्या कसोटीला उतरले म्हणून दुसऱ्या हक्काच्या कसोटीतून सुटत नाही. पुढचे बरेच काही, म्हणजे १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा जीविताच्या हक्कात झालेला समावेश असो, की २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य केलेला खासगीपणाचा हक्क असो, याच दारातून आत आले. त्या नऊ जणांत आपल्या खंडपीठात वकिली केलेले न्या. शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले.

न्यायालयाच्या या सामर्थ्यावर आंधळा विश्वास ठेवावा असे मी सुचवीत नाही. १९७५ च्या आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. तरीही स्थानबद्धतेचा आदेश मूळ कायद्याला तरी धरून आहे की नाही, हे आम्ही पाहू शकतो, असे देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले. त्यांत नागपूर खंडपीठही होते. ही सगळी प्रकरणे ‘एडीएम (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो दरवाजाही बंद झाला. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. अनुच्छेद २१ आला नसता तरी कायद्यावाचून कोणाचे जीवित हिरावण्याचा अधिकार शासनाला नव्हताच, हे त्यांच्या मताचे सार. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, हक्क दाखवायचा की अधिकार. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, असे केले, आणि जबलपूरचा निकाल २०१७ च्या त्याच खासगीपणाच्या निकालात स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरला. बहुमतातल्या चौघांपैकी एक न्या. यशवंत चंद्रचूड होते आणि रद्द करणारे प्रमुख निकालपत्र त्यांच्या चिरंजीवांनी लिहिले, ही योगायोगाची गोष्ट. पण एकेचाळीस वर्षांनी झालेल्या या दुरुस्तीचा त्या वेळी तुरुंगात असलेल्यांना काही उपयोग झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे. उच्च न्यायालय बरोबर आणि सर्वोच्च न्यायालय चूक, असे होऊ शकते.

एक छोटे विषयांतर करतो. संसदेने घटनाच बदलली तर काय, हा पुढचा प्रश्न येतोच. संविधानाची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही, हे त्याचे उत्तर १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सापडते, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, सज्जनसिंग खटल्यात, संविधानाच्या ‘मूलभूत वैशिष्ट्याला’ हात घालणे ही दुरुस्ती म्हणायची की पुनर्लेखन, अशी शंका न्या. जनार्दन मुधोळकर यांनी लिहून ठेवली होती, आणि मूलभूत हक्क हे विशेष बहुमताचे खेळणे व्हावे का, असा संशय न्या. हिदायतुल्ला यांनी. दोघेही नागपूर उच्च न्यायालयातून वर गेलेले. आमच्या बार रूममध्ये यावर कधीकधी जरा जास्तच अभिमानाने बोलले जाते. पण अभिमानाला आधार आहे.

आता धाकट्या भावाच्या नोटिशीकडे येऊ. तडीपारीचा कायदाच घटनाबाह्य आहे, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. १९५६ मध्ये हरी खेमू गवळी प्रकरणात या अधिनियमाचे कलम ५७ (आधी शिक्षा झालेल्यांची तडीपारी) बहुमताने वैध ठरले. कलम ५६ (ज्याच्या वावराने लोकांत भीती किंवा धोका निर्माण होतो त्याची तडीपारी) खालच्या नोटिशीत आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवले की पुरे, साक्षीदारांची नावे-गावे द्यावी लागत नाहीत, असे सत्तरच्या दशकापासून स्थिर आहे. कारण साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, याच गृहीतकावर त्या कलमाचा एक भाग उभा आहे. कायदा टिकतो, पडतात ते त्याखाली काढलेले आदेश. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलेल्या दीपक डोंगरे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितले की, हा असाधारण उपाय आहे. माणसाला स्वतःच्या घरात, कुटुंबात राहता येत नाही, पोटापाण्याचेही हाल होऊ शकतात. म्हणून तो क्वचित आणि जपून वापरावा. जुने गुन्हे मोजून भागत नाही, त्यांचा आजच्या आदेशाशी जिवंत संबंध दिसला पाहिजे. आणि कायद्याने जास्तीत जास्त दोन वर्षे सांगितली असताना पूर्ण दोन वर्षे का, याचा विचार झाल्याचे आदेशातून दिसले पाहिजे. विडीच्या खटल्यातला ‘एवढे कशाला’ हाच तो प्रश्न, बहात्तर वर्षांनंतर.

प्रत्यक्षात आदेश कसे पडतात, याचा एक नमुना सांगतो. काही वर्षांपूर्वी भाजीचा ठेला लावणाऱ्या एका तरुणाची याचिका माझ्याकडे होती; आदेश कोणत्या कार्यालयाचा, हे सांगण्याचे कारण नाही. सात पानांचा आदेश भारदस्त होता. चौथ्या परिच्छेदात ‘सदर इसम’ म्हणून जे नाव आले, ते माझ्या अशिलाचे नव्हतेच. आधीच्या कोणाच्या तरी आदेशातला मजकूर उचलून घातला होता आणि नाव बदलायचे राहून गेले होते. न्यायमूर्तींनी ते नाव मोठ्याने वाचले आणि हे कोण, असे सरकारी वकिलांना विचारले. ती सुनावणी त्यापुढे फार चालली नाही. ज्या अधिकाऱ्याने कोणाला हाकलायचे हेच नीट वाचले नाही, त्याने निर्बंध वाजवी आहे का याचा विचार केला असेल, असे मानायला जागा उरली नव्हती. संचाराच्या हक्कावर त्या दिवशी एकही मोठे वाक्य बोलले गेले नाही. माझा अशील मात्र त्याआधीचे पाच महिने दुसऱ्या जिल्ह्यात मावशीकडे राहिला होता आणि ठेल्याची जागा दुसऱ्याने घेतली होती. ती न्यायालयाला परत देता आली नाही.

म्हणून नोटिशीच्या पायरीवरच काम नीट झाले पाहिजे. कलम ५९ प्रमाणे भावाला लेखी खुलासा देता येतो, वकिलामार्फत हजर राहता येते आणि साक्षीदार तपासण्याची मागणी करता येते. ही संधी ‘नंतर हायकोर्टात पाहू’ म्हणून सोडू नये, कारण जो मुद्दा तेथे मांडला नाही तो आम्हाला वर मांडताना तोंड कोरडे पडते. ज्या गुन्ह्यांचा उल्लेख आहे, त्यांपैकी किती सुटले, किती प्रलंबित आहेत, शेवटचा कधीचा, याचे कागद खुलाशासोबत जोडावेत. नोटिशीत एका जिल्ह्याचा उल्लेख असून आदेशात शेजारचे जिल्हेही आले, तर तो फरक टिपून ठेवावा. भाषा कळत नसेल तर तसे लेखी कळवून भाषांतर मागावे. आदेश निघालाच, तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे. ते केल्यावाचून थेट रिट याचिकेत आल्यास पहिला अर्धा तास त्याच खुलाशात जातो. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीट आणि ती मिळाल्याची तारीख ज्या कागदावर आहे तो कागदही फेकू नये. खुलाशाला किती दिवस दिले होते, यावर वाद झाला तर तेच कामाला येतात.